शिधा गोळा करायला निघालात?

दिवाळी जवळ आली की सोसायटीच्या फाटकावर, शाळेच्या फलकावर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत धान्यदानाची आवाहनं फिरू लागतात. २ ते ८ ऑक्टोबरच्या दान उत्सवात तर त्यांना ऊत येतो. देणारे पुष्कळ निघतात. कमी पडतात ती टेबलामागे उभी राहणारी, पोती उचलणारी, निवडून-पाखडून पाहणारी आणि माल पोहोचवून येणारी माणसं. त्यांच्यातलं एक व्हायचं तुम्ही ठरवलं असेल, तर नाव देतानाच आयोजकांना विचारा: हे धान्य शिजवणार कोण आहे? उत्तरात संस्थेचं किंवा वस्तीचं नाव आलं, माणसांचा आकडा आला, तर मोहीम मार्गी लागलेली आहे. ‘आधी जमू तर दे, मग बघू’ असं ऐकू आलं, तर तुमचं पहिलं काम ठरलं. फलक लागण्याआधी घेणाऱ्यांकडे जाऊन या.

एवढा आग्रह अशासाठी, की धान्य पैशासारखं सगळीकडे चालत नाही. वसतिगृहाच्या किंवा आश्रमशाळेच्या भटारखान्यात एका वेळी शंभर-दीडशे मुलांचा भात टाकायचा असतो. तिथल्या स्वयंपाकिणीला एकाच जातीच्या तांदळाची दोन पोती हवी असतात. चाळीस घरांतून आलेल्या चाळीस पिशव्या एकत्र ओतलेला तांदूळ तिची पंचाईत करतो. कोलम, इंद्रायणी, आंबेमोहोर, बासमतीचा तुकडा आणि त्यातही नवा-जुना मिसळला की निम्मा भात कच्चा राहतो, निम्म्याचा गिचका होतो. वृद्धाश्रमात मुगाची डाळ, दलिया, नाचणीचं पीठ लगेच खपतं आणि साखर पडून राहते. ऊसतोडीला आलेली, फडाजवळ कोपी घालून राहणारी कुटुंबं पहाटे अंधारात चुलीवर भाकरी थापून निघतात. त्यांना ज्वारी-बाजरी, तेल, मीठ, तिखट लागतं. मॅक्रोनीची पाकिटं त्यांच्या माथी मारू नयेत. आणि पुलाखाली झोपणाऱ्याकडे मुळात चूलच नसते. त्याला कच्चे तांदूळ देण्यात काय हशील? राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे, केळी हे त्याचं जेवण होऊ शकतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हा राज्यभरातून मदतीचे ट्रक गेले. मोठ्या रस्त्यालगतच्या गावांत पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं आणि जुने कपडे यांचे ढीग लागले, आतल्या वाड्या मात्र वाट बघत राहिल्या, असं तिथे राबलेले कार्यकर्ते आजही सांगतात. पाठवणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. कुठे काय पोहोचलं आहे, हे विचारायला कुणी थांबलं नव्हतं, इतकंच. उलट उदाहरण हवं असेल तर रयत शिक्षण संस्थेच्या सुरुवातीच्या दिवसांकडे बघा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंडातून घरोघरचं मूठमूठ धान्य जमवलं जाई. जेवणारी मुलं कोण, किती आणि कुठे राहतात, हे गावाला माहीत होतं. मूठ छोटी असूनही ती फुकट गेली नाही ती यामुळे.

तेव्हा घेणाऱ्यांना भेटून यादी आणा आणि फलकावर तीच लावा. ‘धान्य द्या’ एवढंच लिहिलं तर लोक घरात जास्त झालेलं किंवा दुकानात चटकन हाताला लागणारं आणतात. तांदूळ आणि साखर ओसंडून वाहते. तेल, तिखट, मीठ, चहापूड यांचा पत्ता नसतो. आपल्या जुन्या शिध्यात ही गफलत होत नसे. सुपात तांदूळ, डाळ, कणीक, मीठ, गूळ, तूप असं एका जेवणाला लागणारं सगळं मांडलेलं असे. सोसायटीत हे साधायचा सोपा उपाय म्हणजे वस्तू वाटून देणं. ए विंगने फक्त तूरडाळ, बी विंगने तेल, सी विंगने ज्वारी किंवा कणीक. लोकांना निवड करावी लागत नाही म्हणून तेही खूश, आणि तुमचं निवडण्याचं काम निम्म्यावर येतं. शाळेत हेच इयत्तांवर वाटता येतं. पाचवीच्या पोरांना मीठ आणायला सांगा, सगळ्यात आधी मिठाचाच खोका भरेल.

चार माणसांच्या घरासाठी एक पिशवी भरायची, तर मला पटलेला हिशेब असा: पाच किलो तांदूळ, पाच किलो कणीक किंवा ज्वारी, दोन किलो तूरडाळ, एक लिटर तेल, एक किलो साखर किंवा गूळ, एक किलो मीठ, पाव किलो चहापूड, दोनशे ग्रॅम तिखट, थोडी हळद आणि अंगाचा एक साबण. साबणाला जेवणात जागा नाही हे खरं, पण पैसे संपले की घरात पहिला तोच आणायचा राहतो. या सगळ्याचं वजन पंधरा किलोंच्या वर जातं. आजीबाईंनी ते घेऊन टेकडीवरच्या वस्तीत चढायचं आहे, हे लक्षात ठेवून दोन पिशव्या करा. पिशव्या कापडी हव्यात. पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर महाराष्ट्रात जून २०१८ पासून बंदी आहे, शिवाय पाच किलो तांदळाला त्या टिकतही नाहीत. दिवाळीसाठी वेगळं काही द्यायचं असेल तर ते या पिशवीला जोडून द्या, तिच्याऐवजी नको. राज्य सरकारने २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल होतं. ते फराळाचं सामान होतं आणि तसंच सांगून दिलं होतं. आपण मात्र कधीकधी चकलीची भाजणी देऊन महिन्याचा किराणा दिल्याच्या थाटात वावरतो.

आता प्रत्यक्ष टेबलावरचं काम. नव्या स्वयंसेवकाला बहुधा पावत्या लिहायला बसवतात, कारण ते सोपं वाटतं. माझं मत विचाराल तर नव्याने आधी निवडण्याच्या टेबलावर उभं राहावं. मोहिमेची अब्रू तिथे ठरते.

पाकीटबंद वस्तू हातात आली की आधी तारीख बघा, मग शिवण. ‘बेस्ट बिफोर’ची तारीख उलटली म्हणजे वस्तू विषारी झाली असं नाही, तिची चव आणि कस उतरणीला लागतो. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ची तारीख उलटली तर विषयच संपला. दानात मात्र दोन्ही घेऊ नयेत. जे आपण आपल्या पोराला देणार नाही ते दुसऱ्याच्या पोराला का द्यायचं? माल निवडून, भरून, पोहोचून, वापरला जाईपर्यंत महिना सहज जातो, म्हणून निदान दोन महिने हातात असलेलंच घ्या. तेलाची पिशवी दाबून बघा; चिकट लागली तर ती बाजूला ठेवा, नाहीतर एक पिशवी अख्खा खोका बरबाद करते. फुगलेला डबा किंवा फुगलेलं टेट्रापॅक उघडून बघायच्या भानगडीत न पडता थेट बाद करा. पीठ सुटं असेल तर घेऊ नका. कधी दळलं आणि कशात ठेवलं, हे कळायला मार्ग नसतो. बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन कुणी आलं तर गोड बोलून परत करा. १९९२ च्या कायद्याने अशी पावडर आणि दूध पाजायच्या बाटल्या दान करायला मनाई आहे, अपवाद फक्त अनाथाश्रमांचा.

सुट्या धान्याचा प्रश्न जास्त नाजूक. वर्षाचं धान्य भरून ठेवणाऱ्या घरांतून डबा रिकामा करून गहू, तूर, तांदूळ येतो. सोंडे आणि पोरकिडे डोळ्यांना दिसतात, ते पाखडता येतात. पण डोळ्यांना न दिसणारं त्याहून महत्त्वाचं आहे. घरोघर धान्याला काय काय लावलेलं असतं! एरंडेल लावलं असेल, कडुनिंबाचा पाला घातला असेल तर हरकत नाही. बोरिक पावडर चोळली असेल तर ते धान्य स्वच्छ धुऊनच वापरावं लागतं, आणि हे शिजवणाऱ्याला सांगावं लागतं. काही डब्यांत पाऱ्याच्या गोळ्या निघतात. काही पोत्यांत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकलेल्या असतात, आणि त्यातून निघणारा फॉस्फीन वायू जीव घेऊ शकतो. म्हणून सुटं धान्य घेताना ‘यात काही घातलंय का?’ हे विचारायचंच. लोकांना राग येत नाही, उलट आपली युक्ती सांगायला ते उत्सुक असतात. उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं किंवा पोत्यात गोळीची पूड दिसली, तर ते पोतं घेऊ नका. कुणाचं मन मोडेल ही भीती इथे उपयोगाची नाही.

याच टेबलावर आणखी एक घोळ हमखास होतो. रेशनच्या तांदळात थोडे वेगळे, पिवळसर किंवा जास्त पांढरे दाणे दिसतात आणि कुणीतरी ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून ओरडतं. ते पोषणयुक्त दाणे असतात. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून ते तयार करतात आणि साधारण शंभराला एक या वजनी प्रमाणात साध्या तांदळात घालतात. पाण्यात ते कधी तरंगतात, म्हणून शंका वाढते. ते निवडून टाकू नका. शेजारच्या टेबलावरच्यांनाही सांगा, कारण ही अफवा धान्याबरोबर वस्तीपर्यंत पोहोचते.

बाद झालेल्या मालासाठी वेगळा खोका ठेवा आणि तो देणाऱ्यांच्या नजरेआड ठेवा. किडका पण खाण्याजोगा दाणा गोठ्यात किंवा पाखरांसाठी जातो. औषध लावलेला मात्र जनावरांनाही नको.

शिजवलेलं अन्न याच मोहिमेत घ्यावं का? माझं उत्तर नाही असं आहे. लग्नाच्या हॉलमधून उरलेला मसालेभात घेऊन कुणी आलं तर मोह होतो, पण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपल्या हवेत पातेलं त्याच पट्ट्यात तासन्‌तास बसतं. भात तर विशेष धोक्याचा. त्यातले काही जंतू जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत. अशा संस्थेला नोंदणी करावी लागते. अन्न कुठून आलं, कधी शिजवलं, शाकाहारी की मांसाहारी, हे लिहावं लागतं. ज्यांच्याकडे गाडी, डबे आणि सराव आहे त्यांचा नंबर टेबलावर चिकटवून ठेवा आणि हॉलवाल्याला तो द्या.

नोंदवहीबद्दल थोडक्यात. काय आलं, किती किलो, काय बाद, काय कुठे गेलं, एवढे रकाने पुरतात. देणाऱ्याने नाव लिहायला नको म्हटलं तर आग्रह करू नका. वजनकाटा दुकानदाराकडून दोन दिवसांसाठी मागून आणा, अंदाजाने ‘पंधरा-वीस किलो’ लिहिलेल्या वहीवर कुणाचाच भरवसा बसत नाही. पन्नास किलोंचं पोतं एकट्याने उचलायचा पराक्रम करू नका. दोघांनी, गुडघ्यात वाकून उचला, किंवा सरळ दोन पोत्यांत विभागा. रात्री माल जमिनीवर टेकवून ठेवायचा नाही. खाली फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, आणि त्याच खोलीत फिनेल किंवा डांबरगोळ्या नकोत. डाळीला वास लागला की तो जात नाही.

पैशांचं काय? अनेकजण पाकीट काढून म्हणतात, आम्हाला दुकानात जायला वेळ नाही, हे घ्या. खरं तर मार्केट यार्डातून पोत्याने घेतलेलं धान्य किरकोळ दुकानापेक्षा स्वस्त पडतं आणि यादीत जे कमी आहे तेच आणता येतं, म्हणून पैसा बऱ्याचदा धान्याहून उपयोगी ठरतो. पण नोंदणी नसलेल्या मंडळाने लोकांकडून असे पैसे जमवायचे, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ४१ क कलमाखाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी तीच काढतात. ती नसेल तर पैसे हातात घेऊ नका. देणाऱ्याला थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात भरायला सांगा. ८०-जीची पावती मागणारे भेटतील, त्यांना आधीच स्पष्ट करा: वस्तू दिल्यास ती सवलत मिळत नाही आणि दोन हजार रुपयांवरची रोख देणगीही त्यात बसत नाही.

वाटपाच्या दिवशी स्वयंसेवकांची संख्या अचानक दुप्पट होते, कारण फोटो त्या दिवशी असतात. या बाबतीत मी हट्टी आहे. पिशवी घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असा फोटो काढू नये. भरलेल्या पिशव्यांचा, वहीचा, राबणाऱ्या स्वयंसेवकांचा खुशाल काढा. पाच रुपयांची बिस्किटं देताना पाच माणसांनी पुड्याला हात लावलेले फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. रांग उन्हात लावू नका. वस्तीतल्या आशाताई किंवा अंगणवाडीताईंकडून आधी घरांची यादी घेतली आणि ठरल्या वेळी चार-चार घरांना बोलावलं तर रांग लागतच नाही. नाव विचारा, घरात माणसं किती ते विचारा. जात, धर्म, गाव कोणतं आणि नवरा काय करतो, हे विचारायचा आपल्याला काही अधिकार नाही. ‘ताई’, ‘मावशी’, ‘काका’ म्हणा, अहो-जाहो करा. एखादी बाई म्हणाली की तांदूळ नको, त्याऐवजी डाळ द्या, तर ती माजली आहे असा अर्थ काढू नका. तिच्या घरात रेशनचा तांदूळ आहे आणि डाळ नाही, एवढाच त्याचा अर्थ. बदलून देता यावं म्हणून थोडी डाळ आणि तेल वेगळं ठेवलेलं बरं.

वेळेबद्दलही बोलायला हवं. दिवाळीत देणाऱ्यांची गर्दी होते, काही संस्थांकडे तेव्हा ठेवायला जागा उरत नाही. मेळघाटात, नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावात, पालघरच्या जव्हार-मोखाड्यात सगळ्यात ओढगस्तीचे महिने पावसाळ्याचे असतात. जुनं धान्य संपलेलं, नवं शेतात, मजुरी बंद. शहरातही जुलै-ऑगस्टमध्ये बांधकामं मंदावतात आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुरांना काम मिळत नाही. तुमच्या गटाला वर्षात एकच मोहीम झेपणार असेल तर ती जूनच्या पहिल्या आठवड्यात घ्या, पाऊस जोर धरण्याआधी. धान्य कोरडं राहतं, आतल्या गावांचे रस्ते चालू असतात, आणि शाळा उघडायच्या बेतात असल्याने वसतिगृहांची कोठारंही रिकामी असतात. दिवाळीइतका उत्साह तेव्हा मिळणार नाही. पाकिटं कमी येतील. चालेल.

शेवटचं काम बहुतेक मोहिमांत राहूनच जातं, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त फळ त्यालाच आहे. पिशवी देताना त्या घरी रेशनकार्ड आहे का आणि त्यावर धान्य मिळतं का, हे विचारा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला दरमहा पाच किलो धान्य मिळतं, अंत्योदय कुटुंबाला एकूण पस्तीस किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे पाच जणांच्या प्राधान्य कुटुंबाला महिन्याला पंचवीस किलो. तुमची सगळ्यात भरगच्च पिशवी पंधरा दिवसांत संपते. हे धान्य दर महिन्याला येतं. तरीही अनेक घरं त्यापासून दूर राहतात. कुणाची ई-केवायसी झालेली नसते, कुणा आजोबांचा अंगठा मशिनवर उमटत नाही, कुणाच्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं, कुणाचं केशरी कार्ड असूनही प्राधान्य यादीत नाव नसतं. कार्ड गावाकडचं आहे म्हणून शहरात धान्य मिळणार नाही, असं समजून गप्प बसलेलेही भेटतात, प्रत्यक्षात ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत ते कुठल्याही रास्त भाव दुकानातून घेता येतं. वहीत यासाठी एक रकाना वाढवा. ज्यांचं अडलं आहे अशी घरं वेगळी लिहून घ्या, तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक त्यांना द्या, आणि मोहिमेनंतरच्या आठवड्यात कामाच्या वारी एक दिवस रजा काढून त्यांच्यापैकी दोघांबरोबर तहसील किंवा शिधावाटप कार्यालयात जाऊन या.